गाणं संपलं तरी मी गातच होते

आमच्या घरात माझी एकच फिल्म प्रसिद्ध आहे, आणि तिच्यात मी नाही. अगदीच नाही असंही नाही म्हणा. डाव्या बाजूला एका पांढऱ्या चादरीचं टोक दिसतं आणि ते घट्ट धरलेली चार बोटं. ती माझी. गणपतीला सगळे जमले की भाचरं मला ही गोष्ट सांगायला बसवतात आणि मधेच म्हणतात, "मावशी, गेल्या वर्षी समुद्र एवढा खवळलेला नव्हता." कॅसेटला केव्हाच बुरशी धरली, त्यामुळे मला खोटं पाडायला पुरावा उरलेला नाही. पण आता लिहूनच काढते आहे तर समुद्र होता तेवढाच ठेवते.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. रत्नागिरीत टीव्हीवरच्या मुंग्या कमी होऊन माणसं दिसायला लागली होती, आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या पायरीवर चपलांचा ढीग पडत होता. आमच्या कॉलेजनं तेवढ्यात एक नवा अभ्यासक्रम काढला, शनिवार-रविवारचा. वर्तमानपत्र, रेडिओ, व्हिडिओ असं सगळं शिकवणार. शिकवायला मुंबईहून एक सर रातराणीनं यायचे. शनिवारी सकाळी स्टँडवरून थेट वर्गात, डोळे लाल, खांद्याला शबनम. मी तिथे नाव घातलं ते काही माध्यमांच्या ओढीनं नव्हे. बाबा मला टायपिंगच्या क्लासला घालणार होते आणि त्याची वेळ नेमकी हीच होती.

सरांना नावं लक्षात राहत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला "कुठून येतोस" म्हणून विचारलं आणि पुढे तेच आमचं नाव होऊन बसलं. आमच्या गटात आम्ही चौघं. कोयनेच्या वसाहतीतला मुलगा तो अलोरे. त्याचे मामा चिपळुणात लग्नांच्या व्हिडिओ फिल्म काढायचे, म्हणून कॅमेरा त्याच्याकडे. ज्याचे वडील जहाजावर होते तो दाभोळ. वडिलांनी परदेशातून आणलेला टेपरेकॉर्डर तो तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून आणायचा. कॉलेजसाठी आत्याकडे राहणारी मुलगी ती पूर्णगड. मी रत्नागिरीतलीच, म्हणून मला सगळे 'शहर' म्हणायचे. तो मान नव्हता.

पूर्णगडचा आवाज सगळ्या कॉलेजला माहीत होता. चेहरा फार जणांना माहीत नव्हता, आणि त्याला कारण होतं. आमच्याकडे तेव्हा गॅदरिंगमध्ये नाच असला की गाणारी मुलगी विंगेत उभी करत. तिच्याशेजारी पेटी, तबला, आणि स्टेजवर नाचायला दुसऱ्याच मुली. पूर्णगड शाळेपासून विंगेत गात आलेली. नाच संपला की टाळ्या स्टेजवर पडायच्या; ही आतून त्या ऐकायची आणि मग झांजा पिशवीत भरायला मदत करायची.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येक गटानं एका गाण्याची फिल्म करायची होती. गाणं आपलं, चित्रं आपली, जोडकाम आपलं. वर्गात गाणं निवडायची वेळ आली तेव्हा पूर्णगडनं तिच्या वाडीतलं हळदीचं गाणं म्हटलं. नवरीला हळद लावताना बायका म्हणतात ते, नवऱ्याला चिडवणारं.

होडी तुझी रे नवऱ्या, वल्हं माझ्या हाती,
नेईन तिकडं येशील, नायतर बस काठी.

वर्गातला पंखासुद्धा खडखडायचा थांबला असं मी भाचरांना सांगते. पंखा नव्हताच. पण सर खरंच खुर्चीतून उठले. "उत्तम," ते म्हणाले. "हेच घ्यायचं. आवाज हिचा." मग त्यांची नजर वर्गभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. "आणि चेहरा हिचा."

माझे डोळे घारे आहेत. रंग आमच्या घराण्याचा, म्हणजे उन्हात पाच मिनिटं उभं राहिलं की उकडलेल्या कोळंबीसारखा. मला गाता येत नाही. आरतीतसुद्धा मी नुसते ओठ हलवते, आणि बहुतेक तोच माझा अनुभव सरांना पुरेसा वाटला असावा.

पूर्णगडनं विचारलं, "म्हणजे मी परत आतच?"

"आत कुठे? सगळीकडे तुझाच आवाज असणार आहे."

"आवाज सगळीकडं. मी कुठं?"

सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, टेपवर सावळा रंग मार खातो. चेहरा नुसता काळा डाग दिसतो. तांत्रिक भाग आहे, वाईट वाटून घेऊ नकोस."

ती खाली बसली. बाहेर पडताना जिन्यात मला म्हणाली, "शहर, तुझ्यावर राग नाय. पण या वेळी मी मागं उभी राहणार नाय, एवढं ध्यानात ठेव." मी म्हटलं, ठेवते. काय करणार आहे ते मात्र तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

एप्रिल संपत आला होता. अलोरेच्या मामांनी शनिवार-रविवारपुरता कॅमेरा दिला. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे एकट्याचं काम नव्हे. कॅमेरा अलोरेच्या खांद्यावर, त्याचा रेकॉर्डर दाभोळच्या खांद्यावर, आणि मधे जाड केबल. एक वळला की दुसऱ्याला वळावं लागे. दोघं मांडवीच्या जेटीवर आले तेव्हा एकानं दुसऱ्याला बाजारातून दाव्यानं बांधून आणल्यासारखे दिसत होते.

सरांना संध्याकाळचा समुद्र हवा होता, मागे होड्या आणि पुढे मी, कोळणीच्या वेषात, डोक्यावर बांगड्यांची टोपली. पूर्णगडच्या घरी होडी होती आणि माझ्या घरी देवघर. लुगडं तिनंच मला नेसवलं. टोपली घेऊन मी चार पावलं टाकली तशी ती म्हणाली, "अगो, आरतीला नाय चाललीस. मान ताठ ठेव आणि कंबर सोड."

"सोडली तर लुगडं सुटेल."

"मी नेसवलंय. तू सुटशील, लुगडं नाय सुटायचं."

जेटीवर मासे विकणाऱ्या बायका कामधंदा सोडून बघत होत्या. "ही कधी पाण्यात उतरली होती गो?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "आंघोळीला." सरांनी त्यांना गप्प राहायला सांगितलं. त्यांनी सरांना बांगड्यांचा भाव सांगितला.

गाणं आम्ही आधीच वर्गात, पेटीच्या साथीनं, नीट ध्वनिमुद्रित केलेलं होतं. जेटीवर टेपरेकॉर्डर लावायचा, मी त्यावर ओठ हलवायचे, आणि मग मागाहून चित्राला तेच गाणं जोडायचं. सिनेमात करतात तसं. दाभोळनं बटण दाबलं. लाटांच्या आवाजात गाणं कसंबसं ऐकू येत होतं, पण मी कान देऊन एकेका शब्दाबरोबर ओठ हलवले. पुन्हा पुन्हा तेच. सूर्य बुडेपर्यंत मी त्या गाण्याला अशी काही चिकटले होते की शेवटी सर म्हणाले, "वा, नैसर्गिक." घरी गेल्यावर आईनं मला माशांच्या वासासकट विहिरीवर उभं केलं आणि अंगावर दोन कळश्या ओतल्याशिवाय आत घेतलं नाही. तरी मी खूश होते. नैसर्गिक, असं मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं.

जोडकाम पुढच्या शनिवारी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. दोन व्हीसीआर, एक टीव्ही. एकावर आमची टेप चालवायची, हवं ते चित्र आलं की दुसऱ्यावर उतरवून घ्यायचं, मग थांबवायचं, पुढचं शोधायचं. मधलं काही बदलावंसं वाटलं तर तिथून पुढचं सगळं पुन्हा रचावं लागे, विणताना टाका चुकला की तिथवर उसवावं लागतं तसं. त्यामुळे आधी आम्ही एक सबंध चित्र नुसतं लावून पाहायचं ठरवलं. माझा चेहरा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि त्यावर वर्गात केलेलं स्वच्छ गाणं.

पहिल्या ओळीला मी बरोबर होते. दुसऱ्या ओळीला मी जरा मागे पडले. पुढे पुढे गाणं वल्ह्यावर पोचलं तर मी अजून होडीत, आणि गाणं काठावर गेलं तर मी वल्ह्याशी. रवंथ करणाऱ्या म्हशीच्या शांतपणानं माझं तोंड हलत होतं. गाणं संपलं. पेटी थांबली. प्रयोगशाळेत सगळं चिडीचूप झालं आणि टीव्हीवर मी अजून गातच होते.

"शहर, तू एस्टीसारखी येतेस," दाभोळ म्हणाला. "येतेस, पण मागाहून."

अलोरेनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. "टेपरेकॉर्डर इकडे आण."

मागचं झाकण उघडून त्यानं सेल बाहेर काढले, एक नाकाशी धरला आणि म्हणाला, "याला आमसुलांचा वास का येतोय?"

आमच्याकडे संपलेले सेल कुणी लगेच टाकत नसे. उन्हात वाळवले की थोडे दिवस पुन्हा चालतात, हे घराघरात माहीत होतं. दाभोळच्या आईनं अंगणात आमसुलं घातली होती, त्याच चटईवर तिनं सेलही घातले, आणि पोरानं ते मोठ्या विश्वासानं टेपरेकॉर्डरमध्ये भरून आणले. उन्हात वाळवलेला सेल सुरुवातीला टुणटुणीत असतो आणि मग हळूहळू मरतो. त्याच्याबरोबर जेटीवर गाणं मंद होत गेलं. समुद्राच्या आवाजात कुणाला कळलं नाही आणि मी मात्र प्रामाणिकपणे त्या मरणाऱ्या गाण्याबरोबर मरत गेले. नैसर्गिक वाटलं ते हे.

कॅमेरा मामांकडे परत गेला होता. लग्नसराई ऐन भरात. सर थोडा वेळ डोकं धरून बसले आणि मग त्यांना तोडगा सापडला. "ओठ दाखवायचेच नाहीत. हिला लांबून घ्या, पाठमोरी घ्या. चालताना पाय, टोपली, लाटा, माडांचे शेंडे. पाठ बरी आली आहे हिची."

पूर्णगड तोवर खिडकीत उभी होती. ती टीव्हीजवळ आली. "सर, हिचा चेहरा पायजे म्हणून मला घेतलं नाय. आता हिचा चेहरा नको झाला, तरी मी नकोच?"

"आता चेहऱ्याचा प्रश्नच नाही ना."

"माझ्यासाठी तोच आहे. गाणं माझं आहे. माझ्या तोंडानं दिसू दे की. डाग तर डाग."

"हे बघ, फिल्म काही तुझ्या हौसेसाठी नाही."

"मग हिच्या पाठीसाठी आहे?"

सर म्हणाले, "अलोरे, तू पाठीचे शॉट काढायला घे."

अलोरेनं माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते माहीत नाही. पाठ माझी होती म्हणून असेल. मी म्हणाले, "सर, माझी पाठ मिळणार नाही."

घरात आजवर माझं म्हणणं फक्त भाजीच्या बाबतीत ऐकलं जायचं, तेही दुसरी भाजी नसली तर. त्यामुळे वाक्य तोंडातून गेल्यावर मीच दचकले. पण गेलं ते गेलं.

"म्हणजे?" सर म्हणाले.

"म्हणजे मला काढून टाका. चेहरा, पाठ, पाय, टोपली. आपण दिलेला चेहरा आपण परत मागू शकतो ना?"

"मी पण लाटा देणार नाय," दाभोळ म्हणाला. लाटा काही त्याच्या नव्हत्या. रेकॉर्डर त्याच्या खांद्यावर होता इतकंच. पण त्या क्षणी ते फार शूर वाटलं.

सर चिडले नाहीत, ते त्यांचं मोठेपण. त्यांनी शबनम खांद्याला अडकवली. "पुढच्या रविवारी हॉलमध्ये सगळ्यांच्या फिल्म दाखवायच्या आहेत. प्राचार्य येतील, पालक येतील. तुमच्याकडे दाखवायला काही असेल तर आणा. नसेल तर नापास. पाठीवरून वाद घालायला मी रात्रभर एस्टीत बसून येत नाही."

आता काही आणायचं तर कॅमेरा हवा. अलोरेनं चिपळूणला फोन लावला. मामा बुधवारी रत्नागिरीतच एका लग्नाला येणार होते आणि मुहूर्त दुपारचा होता. तोवर कॅमेरा नुसता बसून राहणार. "पण मुहूर्ताच्या आत परत आला नाही तर मी तुला नवऱ्यामुलाच्या जागी उभा करीन," असं मामा म्हणाल्याचं अलोरेनं सांगितलं. नवरी कोण ते विचारायला हवं होतं, असं दाभोळचं मत पडलं.

जागा आमचं घर. कारण या वेळी टेपरेकॉर्डर विजेवर चालवायचा असं आम्ही ठरवलं होतं आणि आमच्या पडवीत प्लग होता. वायर पडवीच्या दारापर्यंतच पोचली, म्हणून पूर्णगडला उभी केली ती दारात. ना समुद्र, ना माड. मागे आमचा दरवाजा, खुंटीला बाबांची छत्री. छत्री काढायला मी गेले तर अलोरे म्हणाला, राहू दे, तिला काय होतंय.

पूर्णगड तिची रोजची फुलाफुलांची साडी नेसून आली होती. आईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि आतून पावडरचा डबा आणला. "थोडी लाव गो. फोटोत बरं दिसतं."

"नको काकू. आहे तशी दिसू दे."

"अगं, सगळ्याच लावतात."

"म्हणूनच नको."

आईला असं उत्तर आमच्या घरात कुणी देत नसे. आई डबा घेऊन आत गेली आणि फणी घेऊन बाहेर आली. "मग केस तरी विंचर. ते तुझेच आहेत ना?" पूर्णगड हसली आणि तिनं केस विंचरून घेतले.

काळ्या डागाचा प्रश्न अलोरेनं मामांच्या पद्धतीनं सोडवला. उन्हात एक पांढरी चादर अशी तिरकी धरायची की त्यावरचं ऊन उलटून तोंडावर पडेल. "मामांनी अख्ख्या तालुक्यातल्या नवऱ्या काढल्यात," तो म्हणाला, "एक पण तक्रार घेऊन परत आली नाय." चादर आईची, धरायला मी. सकाळचा वारा सुटला होता. चादर शिडासारखी फुगायची आणि मी तिच्यासकट अंगणभर फिरायचे. अलोरे ओरडायचा, "शहर, ऊन हललं." ऊन हलत नव्हतं, मी हलत होते.

शेवटी मी तुळशीवृंदावनाला पाठ टेकून उभी राहिले, चादरीचं एक टोक पायाखाली आणि दुसरं मुठीत. पूर्णगडच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. ती सावळीच दिसत होती. पण नाक, डोळे, कपाळावरची शाळेत असताना पडलेली खोक, सगळं स्वच्छ दिसत होतं. अलोरेनं कॅमेऱ्यातून बघितलं आणि नुसताच मला हातानं, अशीच राहा, म्हणून सांगितलं.

पहिल्यांदा आई मधेच कोकम सरबत घेऊन आली. "गाऊन झालं की प्या," असं कॅमेऱ्याकडे बघून सांगून गेली. मग शेजारच्यांचा कोंबडा. मग पुन्हा टेप लावली. पूर्णगड म्हणाली, "नुसतं तोंड हलवायला मला येत नाय. मी गाणार." आणि ती टेपवरच्या स्वतःच्याच आवाजाबरोबर गायला लागली, मोठ्यानं.

सरांनी आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं की कॅमेऱ्याच्या डोळ्यात कधी बघायचं नाही. पूर्णगड सरळ त्यातच बघत होती. रागानं नाही. समोर कुणी येऊन उभं राहिलंय, त्याला आपलं म्हणणं ऐकायलाच लावायचंय, असं. 'नायतर बस काठी' आलं तेव्हा तिची एक भुवई किंचित वर गेली. कुंपणापलीकडे जमलेल्या आमच्या आळीतल्या बायका फिस्सकन हसल्या. ते हसूही टेपवर आलं. माझे खांदे भरून आले होते, पण चादर हलली नाही. आयुष्यात मी एवढी स्थिर कधी उभी राहिले नाही. माझ्या लग्नातसुद्धा नाही.

कॅमेरा मुहूर्ताच्या आत गेला. अलोरे नवरा होता होता वाचला.

शनिवारी सकाळी आम्ही प्रयोगशाळेत जोडकामाला बसलो. जेटीवरच्या लाटा होत्या, होड्या होत्या, सूर्य होता. अलोरेनं एक लाट दुसऱ्या ओळीवर घालून पाहिली. लाट दिसली म्हणजे पूर्णगड दिसेनाशी झाली. ती काढली. होडी घातली. होडी आली की पुन्हा ती नाहीशी. तिचा चेहरा जिथे झाकला जात नव्हता अशी जागाच गाण्यात नव्हती.

पूर्णगडच म्हणाली, "एखादी लाट घाला रे. नायतर सर जोडकामाचे मार्क देणार नायत. मी दिसतेय की बाकी सगळीकडं."

"एवढं करून आता तुला लाटेखाली घालायचं?" मी म्हटलं.

दाभोळनं उसासा टाकला. "माझ्या लाटा फुकट गेल्या," तो म्हणाला, आणि त्यानंच व्हीसीआर बंद केला. एकही कट न मारता ती फिल्म तशीच उतरवली.

सरांनी दुपारी पाहिली. छत्रीकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?" मग म्हणाले, "लेन्समध्ये बघतेय. एक शॉट, एक जागा. लग्नाची टेप बरी. यात कोकण कुठे आहे?"

अलोरे म्हणाला, "हे काय सर, दारात उभं आहे."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. "दाखवा," ते म्हणाले. "उद्या लोकच काय ते सांगतील."

रविवारी हॉलमध्ये टेबलावर टेबल ठेवून त्यावर टीव्ही मांडला होता. बाकी दोन गटांच्या फिल्ममध्ये भरपूर समुद्र होता, आणि एकात एक मुलगी झाडाभोवती फिरत होती. प्राचार्यांनी मान डोलावली. पूर्णगडची आई वाडीतल्या चार बायकांना घेऊन सकाळच्या एस्टीनं आली होती. त्या मागच्या बाकांवर, पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या.

आमची फिल्म सुरू झाली आणि हॉलमध्ये कुजबूज झाली. गॅदरिंगमध्ये ऐकलेला आवाज कुठून येत होता ते बहुतेकांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. दुसऱ्या कडव्याला मागच्या बायकांनी धरलं. आधी हळू, मग खुशाल. प्राचार्य मान वळवून बघायला लागले. त्यांनी बायकांकडे बघितलं, बायकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्या गात राहिल्या. 'बस काठी'ला तर एकीनं हात हवेत फेकला तो पुढच्या बाकावरच्या पालकांच्या टोपीला लागला.

मी पूर्णगडकडे बघितलं. मला वाटलं होतं, ती स्वतःला डोळे भरून बघत असेल. ती टीव्हीकडे बघतच नव्हती. उलटी वळून, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून, ती माणसांची तोंडं बघत होती. एकेक रांग, सावकाश. विंगेतून लोक दिसत नाहीत. तिथून दिसतात त्या नाचणाऱ्या मुलींच्या वेण्या.

टाळ्या पडल्या. तिची आई पुढे आली, म्हणाली, "पदर नीट नव्हता," आणि मग ती बराच वेळ तोच पदर नीट करत राहिली, जो आता नीटच होता.

लोक गेल्यावर सरांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या हातात गुणांचा कागद होता. गाण्याचे, चित्रीकरणाचे मार्क त्यांनी भरून टाकले होते, आणि चांगले. "लोकांना आवडलं," ते म्हणाले. "मलाही, खरं सांगायचं तर, शेवटी शेवटी. पण जोडकाम हा स्वतंत्र विषय आहे आणि तुमच्या फिल्ममध्ये एकही कट नाही. त्यात नापास म्हणजे प्रमाणपत्र नाही. मी असं करतो, माझी गाडी संध्याकाळची आहे. तासभर बसा. मधे तीन-चार लाटा घाला. मी पास करतो."

माझ्या डोळ्यांसमोर बाबा आणि टायपिंगचा क्लास उभा राहिला. अलोरेला तर ते प्रमाणपत्र खरंच हवं होतं. मामांच्या दुकानावर पाटी लावायची होती. तो खाली बघत उभा होता. मग म्हणाला, "सर, एकदा सगळ्यांनी बघितलंय. आता तिला कुठं झाकू?"

"कॉपी वेगळी ठेवा. ही फक्त मार्कांसाठी."

"तुमी कापा सर," पूर्णगड म्हणाली. "आमचा हात नाय लागायचा."

सरांनी व्हीसीआरकडे पाहिलं. उठले नाहीत. "मग शून्य लिहू?"

"लिहा," मी म्हणाले.

"सर, पेन आहे ना?" दाभोळनं विचारलं. "नायतर माझं देतो."

सरांनी पेन उघडलं. अलोरेच्या नावापुढे एक शून्य, दाभोळच्या नावापुढे एक, माझ्यापुढे एक. पूर्णगड टेबलावर वाकून बघत होती. तिच्या नावापाशी सरांचा हात जरा थांबला.

"सर," ती म्हणाली, "माझा जरा मोठा काढा."